बिटकॉइन सोडून बाकीची नाणी: हे सगळं एकाच जातीचं आहे का?

शंकासुर :
नमस्कार मंडळी. बिटकॉइन काय आहे ते बऱ्यापैकी कळलंय, म्हणजे एकूण २ कोटी १० लाखांच्या वर निघणार नाहीत, मायनिंगमधून (संगणक कोडी सोडवून व्यवहारांची नोंद पक्की करतात त्यातून) नवीन येतात, साधारण चार वर्षांनी बक्षीस निम्मं होतं वगैरे. पण त्याच्या पुढची जी भाऊगर्दी आहे ती काही केल्या डोक्यात शिरत नाहीये. कुठलंही अॅप उघडा, इथेरियम, एक्सआरपी, टिथर, सोलाना, डोजकॉइन, शिबा इनू, लिस्ट सरकवत राहा संपतच नाही, आणि सगळ्यांसमोर तेच, एक किंमत आणि एक लाल नाहीतर हिरवा आकडा. यावरून माणसाला काय कळणार? टिथर तर एका डॉलरवरून हलतच नाही, मग ते घेतं कोण आणि कशाला? त्यात एक मित्र मागे लागलाय की बिटकॉइन आता हाताबाहेर गेलं, अगदी चिल्लर किमतीची नाणी ढिगाने घेऊन ठेव, एक डॉलरला पोचली की झालं. घ्यायचं का नाही ते विचारत नाहीये, ते माझं मी बघेन. फक्त यात प्रकार कुठले आणि ते एकमेकांपासून वेगळे कशात, एवढं कुणीतरी इस्कटून सांगा.

तिरपागडे :
दोनच प्रकार आहेत. ज्यात लोकांचे पैसे बुडाले ते, आणि ज्यात बुडायचे बाकी आहेत ते. बाकी चालू द्या, मी वाचतोय.

साखळीवाला :
तिरपागडे आले म्हणजे धागा चालणार :)

शंकासुर, नावं पाठ करत बसू नका, हजारोंनी आहेत आणि रोज नवीन निघतात. कुठलंही नाणं समोर आलं की आधी दोन गोष्टी बघायच्या, ते स्वतःच्या साखळीवर (म्हणजे ब्लॉकचेनवर, सगळ्यांना दिसणारी व्यवहारांची वही) चालतं का दुसऱ्याच्या, आणि नवीन नाणी कोण काढतं. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

सगळ्यात जुनी पिढी म्हणजे बिटकॉइनचा कोड उचलून थोडा इकडेतिकडे करून काढलेली नाणी. कोड सगळ्यांना खुला असल्यामुळे हे होणारच होतं. एप्रिल २०११ मध्ये नेमकॉइन आलं, त्यात पैशांपेक्षा वेबसाइटची नावं साखळीवर नोंदवायची कल्पना होती, चालली नाही फारशी. त्याच वर्षी ऑक्टोबरात चार्ली ली यांनी लाइटकॉइन काढलं, बिटकॉइनचा ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा, वहीचं एक पान म्हणा) साधारण १० मिनिटांनी तर याचा अडीच मिनिटांनी, नाणी चौपट म्हणजे ८ कोटी ४० लाख, आणि मायनिंगचं गणित वेगळं, स्क्रिप्ट नावाचं. डोजकॉइन पण याच घराण्यातलं, डिसेंबर २०१३ चं, दोघा इंजिनिअरांनी निव्वळ टिंगल म्हणून काढलेलं, पण त्याला स्वतःची साखळी आहे, त्याचं मायनिंग होतं आणि ते अजून चालू आहे. त्याला कमाल मर्यादा नाही बरं का, दर मिनिटाच्या ब्लॉकमागे १०,००० डोज, वर्षाला ५०० कोटींच्या वर नवीन.

आता यातच एक पोटप्रकार आहे ज्यात लोक हमखास गोंधळतात. लाइटकॉइननं कोड उचलला पण वही कोरी घेतली. बिटकॉइन कॅशनं १ ऑगस्ट २०१७ ला काय केलं तर कोडबरोबर वही पण उचलली. ब्लॉक मोठा करायचा का नाही यावरून वर्षानुवर्षं जुंपली होती, शेवटी एक गट वेगळा झाला, आणि त्या क्षणी ज्याच्या पत्त्यावर जेवढे बिटकॉइन होते तेवढेच बिटकॉइन कॅश त्याच्या नावावर झाले, फुकटात. तिथपर्यंतचा इतिहास दोघांचा सारखाच, पुढे वाटा वेगळ्या. इथेरियमचं पण असंच झालं, द डीएओ नावाच्या प्रकल्पातून जून २०१६ मध्ये सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं नाणं) कुणीतरी कोडमधली फट बघून बाहेर काढले, ते परत फिरवायचे म्हणून साखळीच बदलली, आणि ज्यांना हे पटलं नाही ते जुनीच चालवत राहिले, तीच इथेरियम क्लासिक. म्हणजे ‘क्लासिक’ नाव बघून कुणाला नवीन आवृत्ती वाटत असेल तर तसं नाहीये, मूळ न बदललेली तीच आहे.

इथेरियम हा खरा दुसरा मोठा प्रकार. ३० जुलै २०१५ ला चालू झालं. बिटकॉइनच्या साखळीवर मुख्यतः कुणी कुणाला किती दिले एवढंच लिहिलं जातं, इथे प्रोग्रामच साखळीवर ठेवता येतो आणि तो सगळ्यांसमोर चालतो, मालक झोपला असला तरी. तो चालवायला जी फी लागते ती इथरमध्ये भरायची, तिला गॅस म्हणतात. म्हणजे इथरला मागणी येते ती बरीचशी या कामामुळे. सोलाना, कार्डानो, अॅव्हलांच ही सगळी याच पंगतीतली, प्रत्येकजण म्हणणार आम्ही जास्त वेगवान नाहीतर जास्त स्वस्त. वेगाची किंमत कुठेतरी मोजावी लागतेच, सोलाना सप्टेंबर २०२१ मध्ये सलग १७ तास बंद पडलं होतं.

आणि तिसरा म्हणजे टोकन. याला स्वतःची साखळी नाही, मायनर नाहीत, काही नाही. इथेरियमसारख्या साखळीवरचा एक प्रोग्राम, ज्यात कुणाकडे किती याचा हिशोब असतो. भाडेकरूच म्हणा, इमारत दुसऱ्याची. ईआरसी-२० नावाचं एक ठरीव माप आहे, त्यात बसवलं की कुठल्याही वॉलेटमध्ये (नाणी सांभाळायचं अॅप) दिसायला लागतं. असं टोकन काढायला थोडाफार कोड आणि गॅसचे पैसे पुरतात म्हणूनच तुमची लिस्ट संपत नाहीये. शिबा इनू टोकन आहे, डोज नाणं आहे. दोघांवर कुत्राच, पण आतून काही संबंध नाही.

स्टेबलकॉइन (टिथरसारखी डॉलरच्या भावाला बांधलेली) आणि एक्सआरपीबद्दल नंतर लिहितो, हात दुखले.

आकडेमोड :
साखळीवाल्यांचा प्रतिसाद उत्तम, वाचनखूण साठवली.

मी फक्त त्या मित्राच्या ‘चिल्लर किमतीच्या नाण्यां’बद्दल बोलतो, कारण नवीन माणूस हमखास इथेच फसतो. एका नाण्याची किंमत हा आकडा एकटा असताना काहीही सांगत नाही. बिटकॉइनचे सुद्धा १० कोटी तुकडे होतात, एका तुकड्याला सातोशी म्हणतात, किमती सातोशीत लिहायला लागलो तर बिटकॉइन पण चिल्लर दिसेल. किंमत गुणिले चलनात असलेली नाणी, हा जो गुणाकार येतो तो बघायचा, त्याला मार्केट कॅप म्हणतात. शिबा इनू काढलं तेव्हा एकावर पंधरा शून्यं इतकी टोकन होती. त्यातली बरीच २०२१ मध्ये जाळली गेली (म्हणजे कायमची बाद केली) तरी पाचशे लाख कोटींच्या वर शिल्लक आहेत. आता तुमच्या मित्राला म्हणावं ते एक डॉलरला पोचलं असं धर आणि गुणाकार कर. अख्खं जग वर्षभरात जेवढं कमावतं त्याच्या कितीतरी पट येतं. पोचणार कसं, आणि पैसे घालणार कोण?

अजून एक, चलनात किती आणि एकूण किती हे दोन वेगळे आकडे असतात. कित्येक टोकनांत सुरुवातीला थोडीच बाजारात सोडतात आणि बाकीची काढणाऱ्यांकडे आणि आधी पैसे घातलेल्यांकडे कुलूपबंद, ती महिन्यामहिन्याला सुटत जातात. मार्केट कॅप छोटी बघून घ्यायला जावं आणि मागून हा लोंढा यावा असं होतं. पानावर ‘फुली डायल्यूटेड’ (सगळी नाणी बाजारात आली असं धरून) म्हणून आकडा असतो, तो आणि मार्केट कॅप यात फार अंतर असेल तर का ते शोधायचं.

शंकासुर :
बापरे. मित्राला गुणाकार पाठवला, अजून उत्तर नाही.
एक शंका. टिथर पाठवायला गेलं की अॅप विचारतं कुठलं नेटवर्क, ईआरसी-२०, टीआरसी-२० असं काय काय येतं आणि प्रत्येकाची फी वेगळी. नाणं एकच ना मग हे काय?

साखळीवाला :
नाणं एकच नाहीये तेच तर. टिथर टोकन आहे, आणि कंपनीनं ते बऱ्याच साखळ्यांवर वेगवेगळं काढलंय. ईआरसी-२० म्हणजे इथेरियमवरचं, टीआरसी-२० म्हणजे ट्रॉनवरचं. कंपनी दोन्हींच्या बदल्यात एक डॉलर द्यायला बांधील आहे म्हणून किंमत सारखी, पण साखळीच्या दृष्टीनं दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, इथेरियमच्या वहीत ट्रॉनची नोंद दिसत नाही.

समोरच्यानं पत्ता दिला की नीट बघा, ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी अक्षरानं सुरू होतो, इथेरियमचा शून्य आणि एक्सनं. हे दोन चुकून अदलाबदल झाले तर अॅप बहुतेक वेळा अडवतं. खरी भानगड जिथे पत्ता सारखाच दिसतो तिथे. इथेरियम, पॉलिगॉन, बायनान्स या एक्सचेंजची (नाणी घेण्या-विकण्याच्या बाजाराची) साखळी, आर्बिट्रम, सगळ्यांचे पत्ते एकाच साच्यातले, त्यामुळे चुकीचं नेटवर्क निवडलं तरी व्यवहार बिनबोभाट पूर्ण होतो आणि पैसे भलत्याच साखळीवर जाऊन बसतात. पत्ता तुमच्या स्वतःच्या वॉलेटचा असेल, म्हणजे चावी तुमच्याकडे असेल, तर त्या साखळीवर वॉलेट वळवून ते सापडतात. एक्सचेंजचा असेल तर त्यांच्या सपोर्टच्या विनवण्या करत बसा.

आणि हे पण ध्यानात ठेवा, इथेरियमवरचं टिथर हलवायला फी टिथरमध्ये जात नाही, इथर लागतं. वॉलेटमध्ये पाचशे टिथर आहेत आणि इथर शून्य, तर पाठवा बटण दाबून काहीच होणार नाही. नवीन लोकांना वाटतं वॉलेट बिघडलं.

तिरपागडे :
‘कंपनी बांधील आहे’ म्हणे. आणि टेराच्या वेळेला कोण बांधील होतं?

साखळीवाला :
टेराची आणि टिथरची जात वेगळी आहे, एका दावणीला बांधू नका.

स्टेबलकॉइनमध्ये किंमत एका डॉलरवर धरून कोण ठेवतं हे बघायचं. टिथर, यूएसडीसी यांच्यात एक कंपनी आहे, ती खरे डॉलर आणि सरकारी रोखे बाजूला ठेवते आणि तेवढी टोकन काढते. म्हणजे विश्वास कंपनीवर आणि ती पैसे कुठे ठेवते त्यावर. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसीच्या ठेवींपैकी ३३० कोटी डॉलर तिथे अडकले होते, यूएसडीसी काही काळ ९० सेंटच्या खाली जाऊन आलं, ठेवी सुरक्षित आहेत कळल्यावर परत वर. डाय हे वेगळं, डिसेंबर २०१७ चं, यात तुम्ही इथर वगैरे तारण ठेवायचं आणि जेवढं कर्ज काढाल त्यापेक्षा तारण बरंच जास्त लागतं, भाव पडला की प्रोग्राम तारण विकून मोकळा होतो.

टेरा या साखळीवरचं स्टेबलकॉइन यूएसटी, त्याच्यामागे यातलं म्हणावं तसं काही नव्हतं. एक यूएसटी जाळा आणि एक डॉलरची लुना घ्या, एवढाच आधार, आणि लुना त्यांचंच दुसरं नाणं. वर अँकर नावाच्या ठिकाणी यूएसटी ठेवलं की वर्षाला जवळपास २० टक्के व्याज, म्हणून लोक तुटून पडले. मे २०२२ मध्ये विश्वास डळमळला, सगळे एकदम यूएसटी जाळून लुना घ्यायला लागले, तेवढ्या डॉलरची लुना द्यायची तर नवीन छापावी लागणार, छापली की भाव पडणार, भाव पडला की आणखी छापावी लागणार. साधारण ३५ कोटी लुना होत्या त्या काही दिवसांत साडेसहा लाख कोटी झाल्या. ऐंशी डॉलरची लुना एका पैशाला पण कुणी घेईना.

तिरपागडे :
हे पटलं. पण मग लिस्टमध्ये दोघांसमोर ‘१ डॉलर’च लिहिलेलं असतं ना, फरक कळणार कसा बिचाऱ्या माणसाला. माझं म्हणणं एवढंच.

गुपचूप :
एवढी चर्चा झाली आणि प्रायव्हसीवाल्या नाण्यांचं कुणी नावच काढलं नाही! बिटकॉइन गुप्त असतं असं अजून कित्येकांना वाटतं, तिथे तर प्रत्येक व्यवहार जगाला उघडा असतो, फक्त नावाच्या जागी पत्ता. मोनेरो, एप्रिल २०१४ चं, त्यात पाठवणारा खोट्या सोबत्यांच्या घोळक्यात लपतो, घेणाऱ्यासाठी प्रत्येक वेळी नवा एकदाच वापरायचा पत्ता बनतो आणि रक्कम पण झाकलेली, आणि हे ऐच्छिक नाही, सगळ्यांना सक्तीचं. झेडकॅशमध्ये, ऑक्टोबर २०१६ चं, गणित जास्त भारी आहे, रक्कम न दाखवता व्यवहार बरोबर आहे हे सिद्ध करता येतं, पण झाकायचं का नाही ते वापरणारा ठरवतो, आणि पुष्कळ लोक उघडाच व्यवहार करत आलेत, मग झाकणारे थोडे उठून दिसतात. म्हणून मी मोनेरोच्या बाजूचा. तोटा म्हणाल तर एक्सचेंजना हे नको असतं, बायनान्सनं फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरो काढून टाकलं.

आकडेमोड :
गुपचूप, +१. त्यात भर, मोनेरोची नाणी पण कधी थांबत नाहीत, जून २०२२ पासून प्रत्येक ब्लॉकमागे ०.६ मोनेरो कायमचं चालू आहे, मायनरांना काहीतरी मिळत राहावं म्हणून. मर्यादा नसली म्हणजे वाईट असं सरसकट नसतं.

शंकासुर, टोकन कसं तपासायचं ते दाखवतो, शिकून ठेवा. इथेरियमवरचं असेल तर इथरस्कॅन (इथेरियमची वही दाखवणारी साइट) उघडा, टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता, म्हणजे त्याच्या प्रोग्रामचा साखळीवरचा पत्ता, टाका (नाव टाकून शोधू नका, एकाच नावाची पन्नास नकली निघतात, पत्ता प्रकल्पाच्या मूळ साइटवरूनच घ्या). होल्डर्सवर टिचकी मारा. पहिल्याच पत्त्याकडे ६० टक्के असेल तर लगेच ओरडू नका, तो पत्ता एक्सचेंजचा किंवा जाळलेल्या टोकनांचा असू शकतो, शेजारी लेबल असतं. लेबल नसेल तर मात्र तो एक माणूस मनात आलं की बाजार झोपवू शकतो. मग कॉन्ट्रॅक्टवर जा, कोड तपासून उघडा केलाय का बघा, नसेल तर तिथेच बंद करा. असेल तर ‘मिंट’ नावाचं फंक्शन शोधा आणि ते कुणाला वापरता येतं ते बघा, मालकाला हवी तेवढी नवीन काढता येत असतील तर ‘एकूण इतकीच’ या वाक्याला अर्थ नाही. काही बहाद्दर असं लिहून ठेवतात की घेता येतं, विकता येत नाही. चार्ट काय सुंदर दिसतो अशा टोकनचा, नुसता वर, विकणारा कुणी नाहीच ना.

तिरपागडे :
आणि ज्यांना साखळीच नाही त्यांचं काय? वनकॉइनवाल्यांनी ४०० कोटी डॉलर गोळा केले, ब्लॉकचेन म्हणून दाखवण्यासारखं काही नव्हतंच, म्होरकी रुजा इग्नातोवा ऑक्टोबर २०१७ पासून गायब. बिटकनेक्टला टोकन होतं, रोज साधारण एक टक्का द्यायचे म्हणे, जानेवारी २०१८ मध्ये गाशा गुंडाळला. इथरस्कॅन काय कामाचं तिथे.

आकडेमोड :
वनकॉइनला कॉन्ट्रॅक्ट पत्ता मागितला असता तर मिळाला नसता. तेच उत्तर होतं.

साखळीवाला :
राहिलेलं पटकन टाकतो. एक्सआरपी: मायनिंग नाही, सगळी १०,००० कोटी नाणी २०१२ मध्ये एकदमच तयार केली आणि मोठा वाटा रिपल कंपनीकडे गेला. व्यवहार तीन ते पाच सेकंदांत, फी नगण्य. खातं जुळवायला ठरावीक व्हॅलिडेटरांच्या (व्यवहार तपासणाऱ्या संगणकांच्या) यादीवर भिस्त, म्हणून कुणी त्याला खरं विकेंद्रित मानतं, कुणी नाही. मी नाही मानणाऱ्यातला.

गव्हर्नन्स टोकन: प्रकल्पाच्या निर्णयांवर मतदानासाठी. युनिस्वॅप या टोकन अदलाबदलीच्या ठिकाणानं सप्टेंबर २०२० मध्ये जुन्या वापरणाऱ्यांना प्रत्येक पत्त्यामागे ४०० टोकन वाटली. मत देतं कोण, विकून मोकळे झाले बरेच.

एक्सचेंजची टोकन: बायनान्सचं बीएनबी वगैरे, फीमध्ये सवलत मिळते. एक्सचेंज बसलं की टोकन पण बसतं, एफटीएक्स एक्सचेंजचं एफटीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये तसंच गेलं.

गुपचूप :
एक्सआरपीवर तुमच्याशी सहमत नाही, यादी कुठली धरायची ते प्रत्येक नोड (साखळी चालवणारा संगणक) स्वतः ठरवू शकतो.

साखळीवाला :
ठरवू शकतो, ठरवतं कोण? बहुतेकजण आयती आलेली यादीच ठेवतात. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

शंकासुर :
काढा, मी येतो बघायला. आता शेवटचं विचारतो. इथर ‘स्टेक’ केलं की व्याज मिळतं असं दिसतंय अॅपवर, हे अँकरच्या २० टक्क्यांसारखंच प्रकरण का?

साखळीवाला :
नाही, पण विचारलंत ते बरं केलंत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं मायनिंग बंद केलं, वीज ९९ टक्क्यांहून जास्त वाचली. आता ब्लॉक तपासायचं काम ज्यांनी किमान ३२ इथर अडकवून ठेवलेत (यालाच स्टेक म्हणतात) ते करतात, त्याचा मोबदला म्हणून नवीन इथर आणि फीचा काही भाग मिळतो. गडबड केली तर अडकवलेल्यातून कापून घेतात. म्हणजे पैसा येतो कुठून ते साखळीवर दिसतं. अॅपवरचं ‘स्टेक’ बटण मात्र सगळीकडे हेच करतं असं नाही, काही ठिकाणी तुमची नाणी एक्सचेंज दुसऱ्याला उधार देतं आणि नाव स्टेकिंगच ठेवतं. अटींच्या पानावर ‘लेंडिंग’ शब्द शोधा आणि काढून घ्यायला किती दिवस लागतात ते बघा. आणि स्टेक करायला सांगत असतील बिटकॉइन किंवा डोज, तर ते उघडउघड दुसरंच काहीतरी आहे, त्या साखळ्या मायनिंगवर चालतात, तिथे स्टेक करायला काही जागाच नाही.

शंकासुर :
अॅपवर डोज स्टेकिंग ८ टक्के दिसतंय :(

तिरपागडे :
पहिला प्रतिसाद परत वाचा.